शेवट आधी कळला तर...

प्रस्तावना

नाटक, चित्रपट, दूरचित्रवाणीवरील मालिका, कथा-कादंबऱ्या यांचा आस्वाद आपण सर्वजण घेतो आणि घेतल्यावर त्यांविषयी इतरांशी बोलतो. किंबहुना, बोलल्याशिवाय पाहिल्याचे समाधानच होत नाही. मात्र या बोलण्यातून एखाद्याचा हिरमोडही होतो. ज्याने ती कलाकृती अद्याप पाहिलेली नाही, त्याला तिचे रहस्य किंवा तिचा शेवट अवचित कळून जातो. अशा सांगण्याला अलीकडे 'स्पॉयलर' म्हणतात. हा इंग्रजी शब्द आता मराठी बोलण्यात रुळला आहे. शब्द नवा असला तरी अनुभव जुना आहे. प्रस्तुत पाठात जबलपूर शहरातील दीक्षितपुरा या वस्तीच्या निमित्ताने या अनुभवाचा विचार केला आहे. पाठ वाचताना स्वतःचा असा एखादा प्रसंग आठवून पाहा. तुम्ही त्या प्रसंगात सांगणारे होता की ऐकणारे?

मूळ पाठ

जबलपूर हे मध्य प्रदेशातील नर्मदेकाठचे शहर. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी येथील गोंड सत्ता संपुष्टात आणली. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. मराठी माणसे येथे काही राजवटीबरोबर आली, तर काही पुढे नोकरीच्या निमित्ताने आली. रेल्वे होती, सरकारी कचेऱ्या होत्या, १९०४ मध्ये सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी होती. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि दोहोंच्या मधली एक खास जबलपुरी बोली, अशी भाषेची सरमिसळ या कुटुंबांच्या अंगवळणी पडली आहे. दीक्षितपुरा ही जुन्या शहरातील दाट वस्ती. अशा वस्तीत एका ओट्यावर चाललेले बोलणे शेजारच्या तीन घरांत सहज ऐकू जाते. गोष्ट गुप्त ठेवण्याच्या दृष्टीने ही जागा मुळीच सोयीची नाही.

याच जुन्या शहरात मिलौनीगंज भागात गोविंदगंजची रामलीला होते. तिची परंपरा दीडशे वर्षांहून अधिक काळाची आहे. दरवर्षी नवरात्राच्या सुमारास लोक तिला गर्दी करतात. येणाऱ्यांपैकी एकालाही पुढे काय होणार हे ठाऊक नाही, असे घडत नाही. सीतेचे हरण होणार, लंका जळणार, दशमीला रावण मरणार. आजोबांच्या खांद्यावर बसलेले चार वर्षांचे मूलसुद्धा हे जाणते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने, "आता हनुमान समुद्र ओलांडेल," असे मोठ्याने सांगितले तर त्याच्यावर कोणी रागावत नाही. उलट पुढच्या रांगेतून कोणीतरी त्याला दुजोरा देते.

दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका दाखवली जाऊ लागली. दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. पुढे २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या काळात तीच मालिका पुन्हा दाखवली गेली आणि पुन्हा देशभर पाहिली गेली. कथा ठाऊक होती, शेवट ठाऊक होता. अनेकांना तर संवादही पाठ होते.

आता याच वस्तीतील एखादे घर डोळ्यांसमोर आणा. घरातील धाकटा मुलगा नव्या रहस्यपटाचा पहिला खेळ पाहून आला आहे. थोरला भाऊ कारखान्यातल्या रात्रपाळीमुळे जाऊ शकलेला नाही. त्याने रविवारचे तिकीट काढून ठेवले आहे. दोघे जेवायला बसतात. धाकटा वरणभात कालवता कालवता सांगून टाकतो की, ज्याच्यावर कोणाचाच संशय नसतो तोच खुनी निघतो. थोरल्याचा घास हातातच राहतो. "अरे, सांगितलंस कशाला?" एवढेच तो म्हणतो. धाकट्याला मात्र आपले काय चुकले हे कळत नाही. तो म्हणतो, "दादा, रामलीला तर तू दरवर्षी बघतोस. तिथे नाही का सगळं आधीच माहीत असतं?"

धाकट्याचा हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. एकच माणूस एका कथेचा शेवट ठाऊक असूनही ती आनंदाने पाहतो आणि दुसऱ्या कथेचा शेवट कळला म्हणून खट्टू होतो. ही विसंगती आहे काय?

या प्रसंगासाठी मराठीत एक जुना, नेमका शब्द आहे: रसभंग. रस म्हणजे कलाकृतीतून मिळणारा आस्वाद. त्यात आलेला अडथळा म्हणजे रसभंग. आपल्याकडील साहित्यशास्त्राने या अडथळ्यांचा बारकाईने विचार केला आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिली. तीत रसास्वादात येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा आहे. जे दाखवले जात आहे ते संभवनीय न वाटणे हे एक विघ्न. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणे हे आणखी एक. कथानक आधीच ठाऊक असणे हे मात्र त्या सातांत नाही. ते नसावे यात आश्चर्यही नाही, कारण संस्कृत नाटकांची कथानके बहुधा रामायण-महाभारतातून किंवा प्रसिद्ध कथांतून घेतलेली असत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग १८८० मध्ये पुण्यात झाला, तेव्हा दुष्यंत शेवटी शकुंतलेला ओळखतो की नाही याची चिंता करीत कोणी बसले नसेल. लोक गाण्यासाठी आले होते आणि ती जुनी गोष्ट मराठीत कशी उभी राहते हे पाहण्यासाठी आले होते.

'काय होते' आणि 'कसे होते' हे दोन निराळे प्रश्न आहेत. कोकणातील आणि गोव्यातील दशावतारी नाटकाकडे पाहिले की हा फरक चटकन लक्षात येतो. आख्यान पौराणिक असते, सर्वांच्या परिचयाचे असते. पण संवाद लिहिलेले नसतात. नट ते रंगमंचावर, त्या रात्री, त्या क्षणी रचतात. संकासुर कोणत्या शब्दांत बोलेल, आज कोणत्या स्थानिक घटनेवर कोपरखळी मारेल, हे त्याच्या सोबतच्या नटालाही पुरते ठाऊक नसते. शेवट ठरलेला आणि वाट मोकळी! कीर्तनाचेही तसेच आहे. श्रोता आख्यान जाणतो. बुवा ते आज कसे रंगवतात यासाठी तो येतो.

आधुनिक मराठी रंगभूमीवरील एक उदाहरण येथे फार बोलके आहे. आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' हे नाटक १९६२ मध्ये रंगभूमीवर आले. माधव काझी या भामट्याच्या प्रत्यक्षात घडलेल्या प्रकरणावर ते आधारलेले आहे. न्यायालयात उभा असलेला आरोपी, 'तो मी नव्हेच,' असे सांगत राहतो आणि एकेका साक्षीतून त्याची वेगवेगळी सोंगे प्रेक्षकांपुढे येतात. प्रभाकर पणशीकर यांनी यात पाच रूपे साकारली. फिरत्या रंगमंचामुळे प्रसंगामागून प्रसंग झरझर उलगडत. हे सारे एकाच माणसाचे खेळ आहेत हे प्रेक्षकाला कळायला वेळ लागत नाही. नाटकाच्या नावातच ते जवळजवळ सांगितलेले आहे. तरीही हे नाटक दशकानुदशके चालले आणि लोकांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. भामटा कोण, हे नव्हे, तर तो किती बेमालूमपणे खोटे बोलतो, हे पाहण्यात त्यांना गोडी होती. या नाटकाची कथा येथे सांगितली म्हणून कोणाचे काही बिघडणार नाही.

पाठगत प्रश्न: रामलीला पाहणारा आणि रहस्यपट पाहणारा माणूस एकच असूनही त्याच्या अपेक्षा वेगळ्या का असतात? दोन-तीन वाक्यांत लिहा.

आता दुसरी बाजू. काही कथा अशा असतात की न कळणे हाच त्यांचा प्राण असतो. बाबूराव अर्नाळकर यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी वाचकांच्या काही पिढ्यांना वाचनाची चटक लावली. वाचनालयातून आणलेल्या अशा एखाद्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणारा खोडकर वाचक अनेकांना परिचित असेल. त्याला यातून काय मिळते हे एक कोडेच आहे. बहुधा 'मला कळले आहे आणि तुला कळायचे आहे' या क्षणभराच्या मोठेपणाची ती हाव असावी.

लंडनमध्ये १९५२ पासून ॲगाथा ख्रिस्ती यांचे 'द माऊसट्रॅप' हे नाटक चालू आहे. २०२० मध्ये महासाथीमुळे खंड पडेपर्यंत ते अखंड चालले आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. प्रयोग संपल्यावर एक नट पुढे येऊन प्रेक्षकांना रहस्य बाहेर न फोडण्याची विनंती करतो. १९६० मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको' या चित्रपटासाठी, खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा नियम करण्यात आला होता. आपल्या देशात जुलै २०१५ मध्ये 'बाहुबली'चा पहिला भाग एका प्रश्नावर थांबला: कटप्पाने बाहुबलीला का मारले? हा प्रश्न पानाच्या टपरीपासून निवडणुकीच्या भाषणांपर्यंत सर्वत्र पोचला. एप्रिल २०१७ मध्ये दुसरा भाग आला. पावणेदोन वर्षे लोकांनी ज्या उत्तराची वाट पाहिली, ते चित्रपटगृहातून बाहेर पडताना मोठ्याने सांगणाऱ्यास काय म्हणावे, हे प्रत्येकाने ठरवावे.

काही कलाकृती मात्र या दोन्ही गटांत पाय ठेवून असतात. मूळ मल्याळम 'दृश्यम' २०१३ मध्ये आला. त्यावरून निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये हिंदी चित्रपट केला आणि कथा गोव्यात नेली. यातील अपराध कोणाच्या हातून घडला हे प्रेक्षकाला लवकरच कळते. ज्याची उत्कंठा लागते ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती येथे सांगण्याचे कारण नाही.

या विषयावर मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगही केले आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी वाचकांना काही लघुकथा दिल्या. काहींना शेवट आधी सांगितला, काहींना सांगितला नाही. शेवट ठाऊक असलेल्यांनाच कथा किंचित अधिक आवडल्या, असे त्यांना आढळले. पुढे इतर संशोधकांना याच्या उलट निष्कर्षही मिळाले, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. या प्रयोगात एक उणीव मात्र राहते. कथा वाचणाऱ्यांनी त्या कथांची वाट पाहिलेली नव्हती. हाती दिले ते त्यांनी वाचले. दीक्षितपुऱ्यातील थोरल्या भावाने मात्र रविवारचे तिकीट काढून ठेवले होते. आठवडाभर कारखान्यात यंत्रापुढे उभा असताना त्याच्या मनात तो चित्रपट सुरू झालेला होता. धाकट्याने जे मोडले ते चित्रपटाचे रहस्य तर होतेच, पण त्याहून अधिक ती वाट पाहणे होते.

वाट पाहणे कोणाच्या वाट्याला अधिक येते, हेही पाहिले पाहिजे. पुण्या-मुंबईत ज्या नाटकाचे प्रयोग आठवड्यातून चार-चार वेळा होतात, ते जबलपूरपर्यंत कधी येईल याचा नेम नसतो. अनेकदा ते येतच नाही. मराठी चित्रपटाचेही बऱ्याच वेळा तसेच होते. पण नाटकाची बातमी मात्र येते. पूर्वी ती पुण्याच्या आत्याच्या पत्रातून येत असे, आता दूरध्वनीवरून येते. आत्या मायेपोटीच सांगते: कोण कोणाची मुलगी निघते, शेवटी म्हातारा घर सोडतो की नाही, सारे काही. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला गोष्ट आधी पोचते आणि खेळ नंतर पोचतो, तोही पोचला तर. केंद्राजवळ राहणाऱ्याला पहिला खेळ मिळतो. दूरच्याला त्याचे वर्णन मिळते. वर्षभराने एखाद्या मंडळाने तो प्रयोग आणलाच, तर पडदा उघडण्यापूर्वीच अर्धी मंडळी एकमेकांना पुढचे प्रसंग सांगत असतात.

हीच गोष्ट रात्रपाळीच्या कामगाराची. हीच स्वयंपाकघरात अडकलेल्या गृहिणीची, जिला मालिकेचा भाग घरच्यांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळतो. पहिल्या दिवशी, पहिल्या रांगेत बसण्याची सवड आणि ऐपत सर्वांना सारखी नसते. ज्याला ती असते, त्याच्याकडेच नेमकी सांगण्याची घाई असते.

आणि प्रौढपणी वाचायला शिकलेल्या माणसाचे काय? आयुष्यभर त्याने गोष्टी इतरांच्या तोंडून ऐकल्या. पत्र आले तर ते वाचून दाखवण्यासाठी तो शेजाऱ्याकडे गेला; म्हणजे त्याच्या घरची बातमीसुद्धा त्याच्याआधी शेजाऱ्याला कळली. चाळिसाव्या वर्षी तो पहिली कादंबरी हातात घेतो. बोट अक्षरांखाली ठेवून, दिवसाला चार पाने, असे तो पुढे सरकतो. महिना उलटतो, अर्धे पुस्तक होते. शेजारी येतो, मुखपृष्ठ पाहतो आणि कौतुकाने म्हणतो, "वा! शेवटी तिचं लग्न होतं ते हेच ना?" शेजाऱ्याच्या मनात वाईट काही नाही. परंतु शेवटच्या पानापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जाण्याची संधी त्या वाचकाला प्रथमच मिळाली होती. एखादे पुस्तक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कितीही वेळा वाचता येते. पहिल्यांदा मात्र ते एकदाच वाचता येते.

तथापि शेवट विचारून घेणारी माणसेही असतात आणि त्यांना हसण्याचे कारण नाही. "शेवट गोड आहे ना?" हा मराठी घरांतला नेहमीचा प्रश्न आहे. आजी तो विचारते, कारण तिला रक्तदाबाचा त्रास आहे आणि ताण सोसत नाही. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, त्या घरातील माणूसही चित्रपटाला जाण्यापूर्वी तो विचारतो. पडद्यावर अचानक तसेच दुःख समोर आले तर आपले काय होईल, याची त्याला भीती वाटते. स्वतःच्या दुःखात बुडालेल्या प्रेक्षकाला रस घेता येत नाही, हे अभिनवगुप्ताने सांगितलेच आहे. अशा माणसाला शेवट सांगणे हे त्याला खुर्चीत बसवून देण्यासारखे आहे. धाकटा भाऊ आणि ही मागणी यांत फरक एवढाच की, येथे ऐकणाऱ्याने विचारले आहे.

मग पाहिलेल्या कलाकृतीविषयी बोलायचेच नाही काय? तसेही नाही. वर्तमानपत्रातील चित्रपट-परीक्षणे नीट वाचली तर यातून मार्ग काढता येतो हे दिसते. चांगला परीक्षक कथेचा आरंभ सांगतो, पात्रांची परिस्थिती सांगतो, पेच कोठे निर्माण होतो तेथवर नेतो आणि थांबतो. अभिनय, संवाद, छायाचित्रण, संगीत यांविषयी तो मोकळेपणाने लिहितो. नवखा परीक्षक संपूर्ण कथा लिहून काढतो आणि शेवटी 'एकदा पाहावा असा चित्रपट' असे एक वाक्य जोडतो. सगळे सांगून झाल्यावर पाहायचे तरी काय उरते!

गुपित किती दिवस पाळावे, याचा मात्र कोणताही ठरलेला नियम नाही. काहींच्या मते महिनाभर, काहींच्या मते वर्षभर. दिनदर्शिका पाहण्यापेक्षा समोरच्या माणसाला विचारणे अधिक सोपे आहे. "तू पाहिलास का?" हे तीन शब्द उच्चारायला एक क्षणही लागत नाही. दीक्षितपुऱ्यातील त्या घरात ते उच्चारले गेले असते तर थोरल्याचे जेवण सुखाने झाले असते. त्याने रविवारी तिकीट वाया घालवले नाही, तो गेला. परत आल्यावर तो म्हणाला की, खुनी ठाऊक असल्यामुळे त्या नटाने आपले हावभाव किती जपून ठेवले आहेत, हे त्याला पहिल्यापासून दिसत होते. धाकट्याला हे सारे दिसलेच नव्हते. धाकट्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढले.

भाषाभ्यास

'फोडणे' या क्रियापदाचा मूळ अर्थ तुकडे करणे असा आहे. नारळ फोडतात, लाकूड फोडतात. पण मराठीत रहस्यही फोडतात, बातमी फुटते, प्रश्नपत्रिका फुटते, एखाद्याचे बिंग फुटते. या सर्व प्रयोगांत, झाकून ठेवलेले काहीतरी बाहेर येते आणि ते पुन्हा झाकता येत नाही, असा भाव आहे. मात्र 'अन्यायाला वाचा फोडणे' या वाक्प्रचारात हेच क्रियापद चांगल्या अर्थाने येते. 'उत्साहावर विरजण पडणे' हा वाक्प्रचारही लक्षात घ्या: दुधाला विरजण लावले की त्याचे पुन्हा दूध होत नाही. 'पोटात न राहणे' म्हणजे गुपित स्वतःजवळ ठेवता न येणे.

स्वाध्याय

१. 'रसभंग' हा शब्द 'स्पॉयलर'च्या जागी सर्वत्र वापरता येईल का? तुमचे मत उदाहरण देऊन मांडा.

२. दूर राहणाऱ्या मराठी माणसाला 'गोष्ट आधी पोचते आणि खेळ नंतर पोचतो', असे पाठात का म्हटले आहे?

३. तुम्ही पाहिलेल्या एका चित्रपटाचा किंवा नाटकाचा परिचय शंभर शब्दांत लिहा. लिहून झाल्यावर तो, ती कलाकृती न पाहिलेल्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि शेवटाविषयी तिला काय कळले ते विचारा.

४. 'बिंग फुटणे', 'विरजण पडणे', 'पोटात न राहणे', 'वाचा फोडणे' यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.